आधी साईडपट्टी भरा

नववीच्या वर्गाला मापन शिकवताना आम्ही एकदा टेप घेऊन शाळेसमोरचा रस्ता मोजला. डांबर भरलं ३.७५ मीटर. मग पाराजवळ उभ्या असलेल्या मुरमाच्या टिप्परची रुंदी घेतली, ती निघाली २.५ मीटर. वजाबाकी फळ्यावर केली. टिप्पर मधोमध चालला तर त्याच्या दोन्ही अंगांना बासष्ट-बासष्ट सेंटिमीटर डांबर उरतं. एका मुलीनं तोवर स्वतःच्या सायकलचं हँडल मोजून आणलं होतं: ५८. "मंजे आमी रस्त्यावर मावतच नाही जी, सर," ती म्हणाली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगाव पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो. सहा-सात खेड्यांतली मुलं आमच्याकडे येतात. कुणी दोन किलोमीटरवरून, कुणी सहा-सातवरून. जवळची पायी येतात, काही एसटीनं, बरीच मुलं भावाच्या नाहीतर काकाच्या मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून, आणि उरलेली सायकलनं. या उरलेल्यांत मुली जास्त. सायकलच्या प्रश्नावर बोलताना माझ्या डोळ्यांसमोर त्या असतात, आणि हा लेख त्यांच्या बाजूनं लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सायकलला प्रोत्साहन द्या, असं आता सगळेच म्हणतात. ही चर्चा थोडी ऐकली तरी ती शहरातली आहे हे कळतं. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं सायकलसाठी देशभरातल्या शहरांची स्पर्धा लावली. ती स्मार्ट सिटी, राज्यांच्या राजधान्या आणि पाच लाखांवर लोकवस्ती असलेल्या शहरांसाठी होती. आपल्या नागपूरनं तीत भाग घेतला आणि निवडलेल्या अकरा शहरांत जागाही मिळवली. चांगलंच झालं. नागपुरात कामावर जाणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेला हक्काची पट्टी मिळावी, यात वाद कशाला? पण त्या स्पर्धेत वणी बसत नव्हतं, पांढरकवडा बसत नव्हता, आमच्या खेड्याचा तर प्रश्नच नाही. आणि पोटापाण्यासाठी, शिकण्यासाठी सायकल रोज चालते ती याच भागात.

सकाळी सातच्या सुमारास वणीत शिरणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहून पाहा. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना लटकवलेल्या सायकली येतात. कॅरिअरवर भाजीचं टोपलं बांधलेलं असतं. मिस्त्रीच्या हाताखालचा माणूस पिशवीत थापी टाकून ठिय्यावर निघालेला असतो, आणि उलट दिशेनं रातपाळी संपवून चौकीदार घरी परतत असतो. साडेनवापासून मुलींचे घोळके. यातल्या एकालाही कुणी सायकल चालवा म्हणून सांगायला गेलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. स्कूटर-मोटारसायकल होती २१ टक्के घरांत. त्यानंतर आमच्याकडे मोटारसायकली डोळ्यांदेखत वाढल्या आणि सायकलवाल्याची जागा डोळ्यांदेखत आटत गेली. शहरातल्या सायकल चळवळीपुढे नवा चालवणारा कुठून आणायचा हा प्रश्न आहे. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. जो आज चालवतोय, त्याच्यावर सायकल सोडायची पाळी येऊ नये. माझं म्हणणं असं, की हा दुसरा प्रश्न आधी हातात घ्यावा. तालुक्याच्या गावात येणारी बरीचशी सायकल खेड्यातूनच येते. ती वाटेतच बंद पडली, तर शहरात पट्टे आखून त्यांच्यावर चालणार कोण?

घरात मोटारसायकल आली की ती कुणाची होते, हे आमच्या भागात कुणालाही विचारा. बापाची, नाहीतर थोरल्या भावाची. आईला ती येत नाही. मुलीला कुणी शिकवत नाही, आणि शिकली तरी पेट्रोलचे पैसे तिच्या हातात नसतात. घरी गाडी आहे म्हणजे पोरीची सोय झाली, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ती त्या दिवसापासून भावाच्या वेळेला बांधली जाते. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी निघाली, आठवडी बाजार आला, बाप तालुक्याला गेला, की मुलीचा खाडा. हजेरीपटात हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. काल का आली नाहीस म्हणून एकीला विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "भाऊ गाडी घेऊन गेल्ता. मले कोन सोडन?" सायकल मात्र तिची असते. कुलपाची किल्ली तिच्या दप्तरात असते. शाळा सुटल्यावर खो-खोच्या सरावाला थांबायचं की नाही, वाटेत मैत्रिणीकडे वही आणायला जायचं की नाही, हे ती स्वतः ठरवते. चौदा-पंधरा वर्षांच्या खेड्यातल्या मुलीला असं स्वतः ठरवता येण्याजोगं फार थोडं असतं. म्हणून तिच्या सायकलचं मोल मला मोठं वाटतं.

आमच्या पट्ट्यात शिक्षणाची गळती नेमकी नववीला का वाढते, याचंही एक उत्तर अंतरात आहे. शिक्षण हक्काच्या नियमांत प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. कायद्याचा हात चौदाव्या वर्षी सुटतो, आणि त्याच वर्षी शाळा लांब जाते. कमी पटाच्या शाळा एकत्र करायची जी चर्चा अधूनमधून होते, ती प्रत्यक्षात आली तर हे अंतर धाकट्यांच्याही वाट्याला येईल.

बिहारनं यावर केलेला उपाय सगळ्यांना ठाऊक असायला हवा. २००६ साली तिथल्या सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी २००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्या योजनेचा बारकाईनं अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं. हा फरक मुख्यतः पडला तो माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत. त्याही आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेला सायकल शिकवण्याची जोड दिली गेली. शीला राणी चुंकथ तेव्हा तिथं जिल्हाधिकारी होत्या. दगडखाणीत राबणाऱ्या बाया, अंगणवाडी सेविका, शिक्षिका अशा हजारोजणी सायकल शिकल्या आणि रस्त्यावर आल्या. तो जिल्हाही आपल्यासारखाच कोरडवाहू आणि उन्हाचा. हे मुद्दाम सांगतो, कारण युरोपातलं उदाहरण दिलं की आपल्याकडचा माणूस लगेच म्हणतो, त्यांची हवा थंड, त्यांचं ठीक आहे.

महाराष्ट्रातही योजना आहे, आणि चांगली आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना त्याचा लाभ आहे, आणि २०२२ पासून ही रक्कम ५००० रुपये झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सायकल घेणं आता तितकंसं अवघड राहिलेलं नाही. अडचण तिथून पुढे सुरू होते. सायकल मिळाल्याचा फोटो निघतो, पावती जमा होते, फाईल बंद होते. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्याच मुलीच्या घरी जावं तर सायकल कुडाला टेकलेली दिसते. चेनला गंज, दोन्ही चाकं बसलेली, कॅरिअरवर वाळत घातलेलं पोतं.

ती तशी का पडली, हे मी बऱ्याच घरी विचारलंय. उत्तरं थोड्याफार फरकानं दोनच येतात. एक रस्त्याचं, दुसरं पंक्चरचं.

आधी रस्ता. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या मापात एकपदरी रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर असतं आणि दोन्ही साईडपट्ट्या, म्हणजे डांबराच्या कडेची मुरमाची जागा, धरून रस्त्याची एकूण रुंदी ७.५ मीटर. म्हणजे कागदावर प्रत्येक बाजूला पावणेदोन मीटरहून जास्त जागा आहे. टिप्पर आला की सायकलनं उतरायचं ते याच जागेत. सायकलसाठी वेगळी जमीन घ्यायला नको, कुणाचं शेत घ्यायला नको, मोजणी आणि मोबदल्याची कटकट नको. जागा आधीच सरकारची आहे आणि रस्त्याच्या मापात धरलेली आहे.

पण त्या जागेची हालत काय आहे? आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम नीट दाबून भरला नसेल तर पहिल्याच दोन पावसांत साईडपट्टी चिखल होऊन जाते. चिखल मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये बसतो, चाक जाम होतं, आणि मुलगी सायकल ढकलत, नाहीतर उचलून, शाळेत येते. डांबराचा थर दर काही वर्षांनी वरून चढतो आणि पट्टी मात्र होती तिथंच राहते. अशानं डांबराच्या काठाला वीतभर खोल कड तयार झाली आहे. वेगात या कडेवरून खाली उतरणारी सायकल हमखास पडते. मागून हॉर्न वाजला की उतरायचं की डांबरावरच थांबायचं, याचा निर्णय त्या पोरीला एका क्षणात घ्यावा लागतो, आणि दोन्हीकडे धोका असतो. त्यात बाभळी डांबरापर्यंत झुकलेल्या. आणि हेही कबूल केलं पाहिजे, की गावातल्या आपल्याच काही लोकांनी दरवर्षी नांगराचं एकेक तास पुढे घेत धुरा, म्हणजे शेताचा बांध, पट्टीपर्यंत आणून ठेवला आहे. सगळा दोष सरकारच्या माथी मारून चालणार नाही.

गावरस्त्याची ही गत. तो पुढे ज्या मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथं कोळशाचे हायवा, म्हणजे मोठे टिप्पर, असतात. वणी आणि पलीकडचा घुग्घुस-चंद्रपूरचा भाग कोळशाचा. भरलेला हायवा जवळून गेला की त्याच्या हवेच्या झोतानं सायकल हेलकावते. मी स्वतः त्या रस्त्यानं सायकलवर गेलो आहे, मला तो झोत माहीत आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, आणि त्यांतले जवळपास ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. रस्ता सुरक्षा म्हटलं की आपल्याला सिग्नल आणि चौक आठवतात. मरणं होतात ती आमच्यासारख्या सिग्नल नसलेल्या रस्त्यांवर.

आपल्या प्रदेशात रस्ते होत नाहीत असं नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग विदर्भातल्या पाच जिल्ह्यांतून गेला. त्याच्यावर सायकलला आणि मोटारसायकललाही बंदी आहे, ती योग्यच आहे, कारण तो रस्ता वेगळ्या कामाचा. माझी तक्रार त्या रस्त्याबद्दल नाही. एवढं मोठं काम करणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. तिला शाळेकडे जाणाऱ्या पाच किलोमीटरच्या पट्टीवर मुरूम टाकून रोलर फिरवणं जड जाऊ नये, एवढंच म्हणतो.

मागणी नेमकी सांगतो. प्रत्येक माध्यमिक शाळेभोवतीच्या आणि तालुक्याच्या गावाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना किमान दीड मीटरची साईडपट्टी असावी. कडक मुरमाची, रोलरनं दाबलेली, डांबराला समतल, बाभळी छाटलेली. ती दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा भरावी, कारण काळ्या मातीत एकदा करून विसरून जाण्याचं काम चालत नाही. जड वाहतुकीच्या रस्त्यावर पट्टी डांबरीच हवी आणि तिच्या कडेला पांढरी रेघ हवी. शिवाय शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, दिवसातून दोनदा तासभर, शाळेसमोरून जड वाहनं बंद ठेवावीत. तसा आदेश काढायची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमात आहे. सणावारी गर्दीसाठी तो निघतो, मुलांसाठीही निघू शकतो.

पैसा कुठून आणायचा? आमच्या जिल्ह्यात तरी हा प्रश्न विचारायला नको. २०१५ साली खाणींच्या कायद्यात दुरुस्ती होऊन खाण असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं. खाणींकडून रॉयल्टीच्या प्रमाणात पैसा तिथं जमा होतो आणि तो खाणीमुळे ज्यांना झळ बसते त्यांच्यासाठीच खर्च करायचा असतो. शिक्षण, महिला-बालकल्याण, रस्ते ही सगळी कामं त्यात बसतात. कोळशाच्या ट्रकमुळे ज्या मुलीला रस्त्यावर जागा उरली नाही, तिच्यापेक्षा त्या पैशावर जास्त हक्क कुणाचा आहे? जिथं खाणी नाहीत तिथं जिल्हा नियोजन समिती आहे, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी आहे. मुख्य अडथळा रस्ता कुणाचा यात आहे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. सायकलवरची मुलगी रोज सहा किलोमीटरांत दोन्ही मालकांच्या हद्दीतून जाते. आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला, तर त्यांनी तो दुसऱ्याकडे पाठवला. दुसऱ्यांनी कळवलं की हा भाग पहिल्यांचा. त्यात पावसाळा निघून गेला. म्हणून माझं मत असं झालं आहे, की अर्ज रस्त्याच्या नावानं न करता शाळेच्या नावानं करावा. शाळेपासून पाच किलोमीटर, मग रस्ता कुणाचाही असो, आणि जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आता पंक्चर. बाभळीचा काटा ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगतोय ते कळेल. आमच्या लहानपणी गावात सायकलवाल्याचं दुकान होतं. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे, कानशीनं घासायचं, सोल्यूशन लावून ठिगळ बसवायचं. छर्रे बदलून मिळत, वाकड्या चाकाचा आऊट काढून मिळे. कैचीनं सायकल शिकणारी पोरं त्या दुकानाभोवतीच असायची. आता गावात मोटारसायकलचं गॅरेज आहे आणि त्याला सायकलचं दहा-वीस रुपयांचं काम परवडत नाही. मुलीची सायकल पंक्चर झाली की बापाला ती दुरुस्तीला न्यायची तर दहा किलोमीटर, आणि त्यासाठी एक रोजी पाडायची. ती पडून राहते यात नवल नाही. एका काट्यानं ५००० रुपयांची योजना संपते.

याला फार मोठा उपाय लागत नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पंप, पान्यांचा संच, पंक्चरचं सामान आणि चेनच्या तेलाची बाटली असावी, आणि कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींना, विशेषतः मुलींना, सायकल खोलून जोडायला शिकवावी. आम्ही हे थोड्या प्रमाणात सुरू केलं. पहिल्या महिन्यात मुली हाताला काळं लागेल म्हणून लांब उभ्या राहायच्या. आता ट्यूब बाहेर काढायला मुलांच्या आधी त्या बसतात. हातांच्या कामातून शिक्षण द्यावं हा विचार १९३७ च्या ऑक्टोबरात आमच्या शेजारच्या वर्ध्यातच, गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. तेव्हा केंद्रस्थानी सूतकताई होती. आमच्या मुलींच्या आयुष्यात आज ती जागा सायकलचं चाक घेऊ शकतं, असं मला मनापासून वाटतं. आऱ्या, परीघ, दातांची गुणोत्तरं, घर्षण: अर्धं गणित आणि बरंचसं विज्ञान त्यात आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो मी फार गंभीरपणे घेतो. एका पालकानं मला तोंडावर विचारलं, "सर, तुमी सोता गाडीवर येता, आन आमच्या पोरीईनं सायकलच चालवावी काय?" खेड्यातल्या माणसाला दोन पिढ्यांनी गाडी मिळाली, आता त्याला सायकलचे गुण सांगणं म्हणजे गरिबीतच राहा म्हणण्यासारखं आहे, असा त्या प्रश्नाचा अर्थ. त्यांना दुखावण्याचा मला अधिकार नाही. ज्याला गाडी घ्यायची त्यानं जरूर घ्यावी. त्या दिवसापासून आठवड्यातले चार दिवस मी सायकलनं शाळेत येतो. जे मुलींना सांगतो ते माझ्या अंगाखालून जायला हवं म्हणून. पण त्या पालकांसमोर मी एक हिशोबही मांडला होता. आठ किलोमीटर जाणं आणि आठ येणं धरलं, गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देते असं मानलं, तर रोज साधारण एक तृतीयांश लिटर पेट्रोल. पेट्रोल शंभरीच्या वर. महिन्याला पंचवीस दिवसांचे साडेआठशे रुपये होतात. कापूस वेचणीचा दर किलोला दहा रुपये धरला तर हा ८५ किलो कापूस झाला. त्यांची बायको तेवढा कापूस किती दिवसांत वेचते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हप्ता वेगळाच. आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात गाडी दिली तर ती कायद्यानं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांचं होईपर्यंत त्या मुलाला आणि मुलीला स्वतःच्या बळावर नेणारं वाहन सायकलच आहे. तिची लाज वाटावी असं काही नाही, पण ती लाज कमी होईल ती माझ्या भाषणानं होणार नाही. ज्या रस्त्यावर सायकलवाल्याला गाडीवाले नालीत ढकलतात, तिथं सायकल हलकीच वाटणार. तिला डांबरालगत बरोबरीची जागा मिळाली की तिचा मानही वाढेल.

उन्हाचा आक्षेप मला तितका खरा वाटत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना भर दुपारी सायकल चालवू नये, हे उघड आहे. त्या वेळी गाडीवरही जाऊ नये. पण आपली शाळा उन्हाला धरूनच चालते. बाकी राज्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्या जूनच्या शेवटाकडे सरकतात. मार्च-एप्रिलात सकाळची शाळा असते. उन्हाचा त्रास वाढला तो रस्ते रुंद करताना कडेचे कडुनिंब आणि चिंचा गेल्या म्हणून. ती झाडं रोजगार हमीतून पुन्हा लावता येतात, पाणी घालणाऱ्याला मजुरी देता येते. त्याच ओघात सांगतो, ३ जूनचा जागतिक सायकल दिवस आपल्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरता-सरता येतो. तेव्हा शाळेला कुलूप असतं आणि माणसं सावलीला असतात. आपला सायकल दिवस शाळेच्या पहिल्या दिवशी व्हावा, आणि त्या दिवशी प्रत्येक सायकलची हवा, ब्रेक आणि चेन तपासून द्यावी.

वाघाचा प्रश्न मात्र वेगळा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, गडचिरोलीकडच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत पहाटे किंवा तिन्हीसांजेला मुलीला सायकलवर पाठवा, असं मी कुणालाही सांगणार नाही. तिथं गाडीच हवी, म्हणजे सरकारची बस हवी, आणि ती शाळेच्या वेळेवर हवी. सायकल सगळीकडे चालते असा माझा हट्ट नाही.

बसचं नाव निघालं म्हणून अजून एक. मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पण एसटी येते फाट्यापर्यंत. फाट्यापासून गाव दोन-तीन किलोमीटर आत. तालुक्याला कॉलेजात जाणाऱ्या मुली आणि कामाला जाणाऱ्या बाया फाट्यापर्यंत सायकलनं येतात आणि तिथल्या चहाच्या टपरीमागे, नाहीतर ओळखीच्याच्या अंगणात सायकल ठेवतात. चोरी होते, कुणी हवा सोडतं, पावसात सीट भिजतं, आणि मग पायपीट सुरू होते. प्रत्येक फाट्यावर एक पत्र्याची शेड आणि सायकल साखळीनं बांधायला लोखंडी दांडा, एवढं ग्रामपंचायत सहज करू शकते. बस आणि सायकल एकमेकींच्या आड येत नाहीत. शेड नसल्यामुळे दोन्ही योजनांचा फायदा त्या दोन किलोमीटरांत अडतो.

हा विषय आमच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायचं ठरलं आहे. मुलांनी पाच किलोमीटरचा रस्ता मोजून नकाशा काढला आहे: कड कुठं वीतभर खोल आहे, बाभळी कुठं आडव्या आल्या आहेत, धुरा कुठं पुढे सरकला आहे. शेवटची नोंद लिहिताना दोन मुलं थोडी थांबली, कारण त्यातला एक धुरा त्यांच्याच घरचा होता. तरी लिहिलं. आपापल्या शाळेसाठी असा नकाशा करायची ज्यांची इच्छा असेल त्यांनी वेळेचं भान ठेवावं. साईडपट्टी पहिल्यांदा भरायचं काम मृगाआधी, मेअखेरपर्यंत पुरं व्हावं लागतं. पाऊस पडल्यावर काळ्या मातीवर टाकलेला मुरूम खाली जातो. मेमध्ये रोलर फिरायचा तर निधी मार्चच्या आत मंजूर हवा, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र आणि मोजमापाचा नकाशा डिसेंबरातच जिल्ह्याला पोचलेला हवा.